सांतियागोचा मंजूर कार्यक्रम

जिन्यातला दिवा गेला तरी ते म्हणायचे, "कागदावर आणा." गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहायला लागली तरी, "कागदावर आणा." टाकी वाहत राहायची. आम्ही कागदावर आणायचो, ते त्यावर तारीख घालून आद्याक्षरं करायचे आणि मग कोणीतरी वर जाऊन व्हॉल्व्ह बंद करायचं. बहुतेक वेळा मीच.

आर. के. पुरममधल्या आमच्या क्वार्टरच्या खाली ते अकरा वर्षं राहिले. अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले आणि दिल्लीतच, द्वारकेला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेले. गेले म्हणजे सामान गेलं. ते स्वतः दर रविवारी मेट्रो आणि ऑटो करून परत यायचे, कारण आमच्या भागातल्या मराठी लोकांचं एक मंडळ त्यांनी काढलं होतं आणि त्याचं अध्यक्षपद काही सोडलं नव्हतं. सगळे त्यांना साहेब म्हणत. मी अजून नोकरीत, वयाने त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, त्यामुळे मीही म्हणायचो. इथेही साहेबच म्हणतो. त्यांच्यावर राग आहे, पण त्यासाठी नाव लिहायची गरज नाही.

त्यांच्या फ्रिजवर परिपत्रकं असायची. विरजण किती वाजता लावायचं, गिझर किती मिनिटं चालवायचा, पाहुण्यांना चहा कोणत्या कपात द्यायचा. प्रत्येकाला क्रमांक. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, प्रत्येकाखाली पेन्सिलीने 'पाहिले' असं लिहून सही करायच्या आणि पुढे करायचं ते आपल्या मनाप्रमाणे करायच्या. साहेबांना ते चालायचं. कागदावर 'पाहिले' आहे ना, मग झालं. मी एकदा विचारलं, "वहिनी, तुम्हाला वैताग नाही येत?" तर म्हणाल्या, "येतो ना. पण भांडायला बसलं की ते मुद्दे लिहून मागतात."

सकाळच्या फिरण्यालाही हजेरीपट होता. पार्कच्या फाटकाशी ते उभे राहायचे आणि खूण करायचे. पावसात कोणी आलं नाही तरी ते छत्री घेऊन यायचे, सगळ्यांपुढे गैरहजर मांडायचे आणि एकटेच चार फेऱ्या मारायचे. मी खिडकीतून मोजलेल्या आहेत. चारच, कधी साडेतीन नाहीत.

आणि फोटो. गणपतीत मंडळाचा एक ग्रुप फोटो निघायचा. खुर्च्यांवर कोण बसणार आणि मागे उभं कोण राहणार, हे साहेब पदाच्या ज्येष्ठतेप्रमाणे ठरवायचे. सरकारी ऑफिसात निरोपसमारंभाला तसेच फोटो काढतात हे खरं, पण हे घरचं मंडळ होतं. बायकांना नवऱ्याचं पद लागू. निर्मलाताई म्हणून एक बाई पालमहून यायच्या. सुभेदाराची बायको, स्वतः सरकारी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या. त्यांना कुठे उभं करायचं यावर साहेबांनी पहिल्या वर्षी बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "फौजेचं पद आणि आपलं सिव्हिलचं पद कसं जुळवायचं, ते जरा तपासावं लागेल. तूर्त मागच्या रांगेत, डावीकडून शेवटी." ते तूर्त सहा वर्षं चाललं. निर्मलाताई हसायच्या. "अहो, कुठंबी उभं करा. मी उंच आहे, दिसते."

आता सांतियागोचं.

साहेब नोकरीत असताना सात वर्षं एका डेस्कवर होते, जिथे क्युबाच्या फायली यायच्या. त्या देशाच्या पूर्वेच्या टोकाला सांतियागो दे क्युबा नावाचा प्रांत आहे. त्याच्यावर त्यांनी एक टिपण लिहिलं होतं : 'पर्वत आणि समुद्र जवळजवळ असलेला ऐतिहासिक प्रांत.' हे वाक्य त्या सात वर्षांत प्रत्येक शिष्टमंडळाच्या फायलीत गेलं. शिष्टमंडळं चार वेळा गेली. चारही वेळा यादीत त्यांचं नाव होतं आणि चारही वेळा वरून कापलं गेलं. हे त्यांनीच मला सांगितलं, तारखांसकट. त्या वेळी मला त्यांच्याबद्दल थोडं वाईट वाटलं होतं. तेवढंच.

म्हणून मंडळाची सहल क्युबाला. आदल्या वर्षी आम्ही मसुरीला गेलो होतो आणि त्याच्या आदल्या वर्षी जयपूरला, त्यामुळे लोक दचकले. पण साहेबांनी करोल बागेतला एक ट्रॅव्हल एजंट गाठला, कार्यक्रम टाईप केला, आणि अकरा जण तयार झाले. ते धरून बारा. वहिनी आल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी रिपोर्ट वाचेन."

निर्मलाताईंचं नाव यादीत पाहून मला आश्चर्य वाटलं. मसुरीलाही न आलेली बाई. माझ्या बायकोने कारण काढलं. त्यांचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. वर्षापूर्वी सुभेदार गेले तेव्हा तो कुठेतरी भर समुद्रात होता, येऊ शकला नाही. पुढे त्याचा करार लांबला. वडील गेल्यापासून आईने मुलाला समोर पाहिलेलं नव्हतं. आणि त्याचं जहाज नेमकं त्या महिन्यात सांतियागोच्या बंदरात धान्य उतरवायला येणार होतं. कर्मचाऱ्यांना जहाजातून उतरायची परवानगी नव्हती, बाहेरच्यांना बंदरात शिरायची नव्हती. पण त्या बंदराची रचना अशी, की आत येणारं आणि बाहेर जाणारं प्रत्येक जहाज एका अरुंद खाडीतून जातं, आणि खाडीच्या तोंडावर जुना किल्ला आहे. किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की खालून जाणाऱ्या जहाजावरचा माणूस ओळखता येतो. मुलाने आईला कळवलं होतं : निळी साडी नेसून तटावर उभी राहा, मी डेकवर येतो.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कागदावर आणा." निर्मलाताईंनी अर्ज लिहिला. साहेबांनी जहाज सुटायच्या दिवशी संध्याकाळी साडेचार ते साडेपाच 'किल्ला' असं कार्यक्रमात घातलं, कारण जहाज पाच वाजता सुटणार होतं. त्याच दिवशी सकाळी 'पर्वत'. हे त्यांनी केलं, हे मला मान्य केलं पाहिजे. कार्यक्रमावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. वेळा तपासून देणारा मीच होतो.

सांतियागो शहर चढउताराचं आहे. लाल कौलं, लाकडी सज्जे, गल्ल्या इतक्या उतरत्या की काही ठिकाणी रस्त्याऐवजी पायऱ्याच. जिथे वळावं तिथे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी. वीज जायची-यायची, पण लोक दारात खुर्च्या टाकून गप्पा मारायचे. काळ्या घेवड्याचा भात रोज मिळायचा आणि साहेब रोज म्हणायचे, "बिल्कुल आपला राजमा-चावल." पहिल्या दिवशी ते एका चौकात उभे राहिले, टाईप केलेलं टिपण काढलं आणि समोरच्या डोंगराकडे बघत ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग टिपण घडी करून खिशात ठेवलं. डोंगराकडे पुन्हा पाहिलं नाही. मला वाटतं ते जुळतंय की नाही एवढंच त्यांना बघायचं होतं.

रोज संध्याकाळी दिवसाचा अहवाल. गेस्टहाउसच्या जेवणाच्या टेबलावर ते लिहायचे, वाचून दाखवायचे, आम्ही सही करायची. आमचे पासपोर्टही त्यांच्याच पिशवीत. कोणाला हवा असला तर वहीत नोंद करून मिळायचा.

जहाज सुटायच्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निर्मलाताई नाश्त्याला आल्या त्या फोन हातात धरूनच. निळी साडी तेव्हाच नेसलेली होती. मुलाचा मेसेज आला होता. काम लवकर संपलं, जहाज दुपारी साडेबाराला धक्का सोडणार, एकच्या सुमाराला किल्ल्याखालून जाणार.

"साहेब, किल्ला आधी घ्या ना," त्या म्हणाल्या. "डोंगराला मग जाऊ."

आमची गाइड एक तिशीची मुलगी होती. तीही इंग्रजीत म्हणाली, अगदी बरोबर, डोंगर काही कुठे जात नाही.

"दुपारी वर ढग येतात," साहेब म्हणाले. "काही दिसत नाही. टिपणात तसं आहे. आणि कार्यक्रम मंजूर झालेला आहे. बदल करायचा तर सगळ्यांची लेखी संमती लागेल."

"अहो, द्या की मग संमती!" माझी बायको म्हणाली. "कागद आणा इकडे."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. डोंगर सगळ्यांनाच बघायचा होता. मंडळातले वसंतराव म्हणाले, "यार, दोन्ही नाही का होणार? एक वाजता आहे ना जहाज? अभी तो साडेसात भी नहीं बजे."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही हिशोब करा."

मी केला. पेपर नॅपकिनवर केला. डोंगर पूर्वेला सव्वीस किलोमीटर, घाटरस्ता खराब, सव्वा तास. वर चढायला चाळीस मिनिटं, वर अर्धा तास, उतरायला अर्धा तास. परत शहरात यायला तास, पुढे किल्ला दहा किलोमीटर, वीस मिनिटं. आठला निघालो तर बारा वाजून पंधरा मिनिटांनी किल्ल्यावर. पाऊण तास हातात. मी आकडा सांगितला. आकडा बरोबर होता, अजूनही बरोबर आहे.

निर्मलाताई गणिताच्या बाई. त्यांनी नॅपकिन हातात घेऊन बेरीज तपासली. "बेरीज बरोबर आहे," म्हणाल्या. "पण माणसं मोजली नाहीत तुम्ही."

"टॅक्सी नाही का मिळणार?" बायकोने गाइडला विचारलं. गाइड म्हणाली, पेट्रोल मिळत नाही हल्ली, बघते, पण खात्री देत नाही. साहेब म्हणाले, "गट सोडून कोणी जायचं नाही, हा चौथा नियम. सही आहे सगळ्यांची. आपण वेळेत पोचतोय ना? कशाला घाबरता, निर्मलाबाई?"

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी निघालो, कारण पासपोर्ट मोजून पिशवीत पुन्हा भरायचे होते.

तो डोंगर म्हणजे वरती एक प्रचंड खडक आहे, डोंगरमाथ्यावर कोणीतरी आणून ठेवल्यासारखा. समुद्रसपाटीपासून सव्वाबाराशे मीटर. गाडी जिथे थांबते तिथून खडकापर्यंत पायऱ्या. साहेब मोठ्याने मोजत चढले. त्यांच्या मते चारशे एकोणसाठ. माझ्या मते चारशे चोपन्न. एका ठिकाणी त्यांनी फुटलेली पायरी दोनदा धरली, मी पाहिलं. माझी बायको आणि निर्मलाताई चढल्याच नाहीत, खाली गाडीपाशी थांबल्या. निर्मलाताई म्हणाल्या होत्या, "मला काय करायचंय डोंगराचं. तुम्ही या लवकर."

वरून समोर समुद्र दिसतो, हे खरं. डोंगर संपतो आणि पाणी सुरू होतं, मध्ये जवळजवळ काही नाही. तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. अजूनही वेळ होता.

मग साहेब म्हणाले, "चलो, फोटो."

खडकाच्या एका बाजूला बसायला जागा होती, सहा जणांपुरती. बाकीचे मागे उभे. साहेबांनी यादी काढली. पहिल्या रांगेत सहावी जागा कोणाची यावर ते थांबले. वसंतराव आणि मी एकाच पदाचे. ते निवृत्त, मी नोकरीत.

"वसंतराव," साहेब म्हणाले. "बसा."

मी काही बोललो नसतो तर बरं झालं असतं. पण मी म्हणालो, "त्या पदावर मी त्यांच्या तीन महिने आधी आलो." हे खरं होतं. मी फक्त चूक दुरुस्त केली.

"तीन महिने? माझी ॲडहॉक बढती त्याच्या आधीची," वसंतराव म्हणाले.

"ॲडहॉक ज्येष्ठतेत धरत नाहीत."

"नंतर रेग्युलर झाली ना! मागच्या तारखेपासून झाली."

"ऑर्डर आहे का तुमच्याकडे?" साहेबांनी विचारलं.

"इथे? क्युबात? ऑर्डर?" वसंतराव ओरडले. "साहेब, डोंगरावर ऑर्डर घेऊन येतं का कोणी?"

हा वाद किती चालला ते मी घड्याळात पाहिलं नाही. त्या दिवशी मी एवढी एकच वेळ पाहिली नाही. शेवटी साहेबांनी तोडगा काढला की दोन फोटो काढायचे, एकात वसंतराव पुढे आणि एकात मी. आणि मग मोजलं तर डोकी दहा.

"दोघी खाली आहेत," साहेब म्हणाले. "अपुरा फोटो रेकॉर्डला चालत नाही. बोलवा त्यांना." माझ्याकडे पाहून म्हणाले, म्हणजे मीच जायचं.

मी खाली गेलो. काय सांगायचं हे मला पायऱ्या उतरताना सुचत नव्हतं. जे होतं ते सांगितलं. बायको माझ्याकडे बघतच राहिली. "डोकं फिरलंय का तुमचं सगळ्यांचं?" म्हणाली. निर्मलाताईंनी घड्याळ पाहिलं. मग पदर खोचला.

"मी वर आले म्हणजे लवकर आटपेल ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

एकाहत्तर वर्षांच्या त्या बाई चारशे चोपन्न पायऱ्या चढल्या. मध्ये तीनदा बसल्या. फोटोत मागच्या रांगेत, डावीकडून शेवटी उभ्या आहेत. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. त्या उजवीकडे, पाण्याकडे.

उतरायला बारा वाजले. घाटात एका बिघडलेल्या ट्रकमागे गाडी अडकली. शहर ओलांडून किल्ल्यावर पोचलो तेव्हा एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. फाटकातून एक परदेशी बाई, लांब निळा झगा घातलेली, नवऱ्याबरोबर बाहेर पडत होती. निर्मलाताई तिला धक्का लागेल इतक्या घाईने आत गेल्या. तटावर कोणी नव्हतं. खाली खाडी, इतकी अरुंद की पलीकडच्या काठावरच्या घरांच्या खिडक्या मोजता याव्यात. पाणी रिकामं होतं. लांब, जिथे समुद्र मोकळा होतो तिथे, तांबडं जहाज होतं, बोटाच्या पेराएवढं.

"हेच ना?" साहेबांनी विचारलं. दुर्बीण पुढे केली. "बघा, दिसतंय. स्पष्ट दिसतंय."

निर्मलाताईंनी दुर्बीण घेतली नाही. दोन्ही हात तटाच्या दगडावर ठेवून त्या उभ्या राहिल्या. आम्ही मागे उभे राहिलो. मला आठवतं, कोणीतरी किल्ल्याचं बांधकाम किती वर्षांपूर्वीचं असा प्रश्न गाइडला विचारला आणि तिने उत्तरादाखल पहारेकऱ्याने सांगितलेली जहाजाची वेळ सांगितली : एक वाजून दहा.

संध्याकाळी साहेबांनी अहवाल लिहिला. शेवटचं वाक्य : 'दिवसाचा कार्यक्रम समाधानकारकरीत्या पार पडला.' वही टेबलावरून फिरली. सगळे थकले होते, जेवण यायचं होतं. आम्ही सह्या केल्या. मीही. माझ्या बायकोने केली नाही, पण साहेब म्हणाले की जोडप्याची एक सही चालते. वही निर्मलाताईंकडे आली तेव्हा त्यांनी सही करायच्या आधी चार ओळी लिहिल्या. फळ्यावर लिहितात तसं सुटं, स्वच्छ अक्षर. साहेबांनी वाचलं आणि त्याखाली 'सदस्याचा भिन्न अभिप्राय' असं लिहून आद्याक्षरं केली. काही झालं तरी आपण तो खोडत नाही, याचं त्यांना समाधान वाटत होतं असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा मेसेज आला. जहाजावरचं इंटरनेट तेव्हा चालू झालं होतं. निर्मलाताईंनी फोन माझ्या बायकोला दाखवला. 'आई, दिसलीस. निळी साडी. मी दोन्ही हात केले, तूही केलास. बाबांच्या वेळी आलो नाही म्हणून तू रागावली असशील असं वर्षभर वाटत होतं. आता बरं वाटलं.'

निर्मलाताईंनी फोन परत घेतला, मेसेज पुन्हा वाचला. मग उत्तर लिहिलं : 'हो रे, मीच.'

आणि लगेच साहेबांकडे गेल्या. मी शेजारीच चहा घेत होतो.

"साहेब, काल मी लिहिलं ते काढून टाका."

"काढता येत नाही, निर्मलाबाई. सही झालेली आहे."

"मग माझी सहीपण काढा. मी आलेच नव्हते म्हणा."

"असं कसं म्हणता येईल? फोटोत आहात तुम्ही."

निर्मलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत होतं हे मला कळलं. मी म्हणालो, "नियमाने साहेबांचं बरोबर आहे." बायको त्यानंतर विमान दिल्लीला उतरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मंडळाचा एक रिवाज होता. सहलीचा अहवाल गणपतीनंतरच्या सभेत साहेब पूर्ण वाचून दाखवायचे. आम्ही परतलो त्यानंतर तीन महिन्यांनी सभा होती. तोपर्यंत निर्मलाताईंचा मुलगा रजेवर घरी आला होता. साहेबांनी त्याला स्वतः फोन करून बोलावलं. जहाजावरचा माणूस, त्या बंदरात गेलेला, सभेला शोभा येईल म्हणून. पोरगा खूश. किल्ल्याचे फोटो बघायचे म्हणत होता. निर्मलाताईंनी त्याला सांगून पाहिलं की कंटाळवाणं असतं, पण तो ऐकेना.

तेव्हा मी द्वारकेला गेलो. माझ्या बायकोने पाठवलं असं म्हणणं जास्त खरं होईल. साहेब टेबलाशी अहवालाची टाईप केलेली प्रत तपासत होते. मी सगळं सांगितलं. मेसेज काय होता, निर्मलाताईंनी उत्तर काय दिलं, पोरगा सभेला येणार आहे.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे त्यांनी मुलाला खोटं सांगितलं."

"साहेब, चार ओळी आहेत. वाचू नका, एवढंच. प्रतीत राहू द्या. कोण बघतंय?"

"मी बघतोय." त्यांनी चष्मा काढला. "छत्तीस वर्षं नोकरी केली. एकाही कागदावर खोटं लिहिलं नाही, एकही कागद अर्धा वाचला नाही. तुम्ही दाखवा मला, त्या ओळींत खोटं काय आहे?"

"काही नाही. पण 'समाधानकारक' हे खोटं आहे."

"त्याच्याखाली सही तुमची आहे," ते म्हणाले.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. "अहो, तिचं पोर आहे ते," म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. पान उलटलं आणि पुढच्या पानावरची एक मात्रा लाल पेनने दुरुस्त केली.

सभा आमच्या भागातल्याच एका हॉलमध्ये होती. साठेक माणसं. निर्मलाताई पहिल्या रांगेत मुलाच्या शेजारी. पोरगा आईसारखाच उंच, उन्हाने रापलेला, पडद्यावरचे फोटो बघून आईला कोपराने ढोसत होता. "इथेच होतीस ना? इथेच?" किल्ल्याचा तट दिसला तेव्हा त्याने असं मोठ्याने विचारलं आणि लोक हसले. त्या मान हलवत होत्या.

साहेब वाचत होते. त्यांचा आवाज वाचताना कुठेच चढत किंवा उतरत नाही. पर्वताची उंची वाचली. पायऱ्या चारशे एकोणसाठ वाचल्या. मंजूर कार्यक्रमाप्रमाणे किल्ल्यास भेट दिली, असं वाचलं. दिवसाचा कार्यक्रम समाधानकारकरीत्या पार पडला. मग त्याच आवाजात, जरासाही न थांबता : "सदस्याचा भिन्न अभिप्राय. 'माझ्या मुलाचं जहाज एक वाजून दहा मिनिटांनी किल्ल्याखालून गेलं. मी तिथे नव्हते. मी फोटोसाठी डोंगरावर होते. तो वर बघत असेल आणि तिथे कोणी नसेल.'"

पोरगा हसायचा थांबला. त्याने आईकडे पाहिलं. निर्मलाताई समोर बघत राहिल्या. साहेबही थांबले, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा वाचताना थांबले, आणि कागदावरून मान वर केली.

"वाचा की पुढचं," निर्मलाताई म्हणाल्या. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज. "खाली सह्या आहेत. त्यापण वाचा."

साहेबांनी चष्मा सारखा केला आणि समाधानकारक म्हणून सही केलेल्यांची नावं वाचायला सुरुवात केली. पहिलं त्यांचं स्वतःचंच. पोरगा खुर्चीत वळून बसला. प्रत्येक नावाला तो हॉलभर नजर फिरवून तो माणूस शोधत होता आणि सापडला की त्याच्याकडे बघत होता. रागाने नाही, ओळख पटवून घेतल्यासारखं. दुसरं नाव वसंतरावांचं होतं.

तिसरं माझं.